बाकावरची सावली

टिंबूच्या कामाबद्दल घरात दोन मतं होती. आईचं मत असं, की पोरगी हुशार आहे, पण चित्र अर्धवट सोडते. दादाचं मत नेमकं उलटं. तो म्हणायचा, "अर्धवट सोडत नाही, आई. आधी पूर्ण काढते आणि मग पुसत बसते. आळसातसुद्धा मेहनत आहे तिची." कॉलेजात जाऊन बहीण काय शिकली, तर टिंबं काढायला शिकली, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्यावरूनच तिचं नाव टिंबू पडलं, आणि खरं नाव कागदोपत्री उरलं.

ती हे मनावर घ्यायची नाही, कारण ती टिंबं छापणारा दादाच होता. घराच्या तळमजल्यावर त्याचा छापखाना होता. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, चित्राची पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून दिव्याखाली धरायची, आणि मग जिथं जाळी उघडी राहील तिथून रबरी पट्टीनं शाई कागदावर उतरवायची. एका वेळी एक रंग. छापलेले कागद वाळत घालायला छताखाली दोऱ्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे उंच माणसाला तिथं मान वाकवूनच वावरावं लागे. दादा उंच होता. आता तो रस्त्यातही मान वाकवून चालायचा.

टिंबूची कामाची रीत ठरलेली होती. जागेवर जायचं, बसायचं, दिसेल ते सगळं काढायचं. मग त्यावर पातळ कागद ठेवून एकेक गोष्ट गाळत जायची. आधी झाडाची पानं, मग फांद्या, मग झाड. असं करता करता एक क्षण येतो की ती जागा ती जागाच राहत नाही, कुठलीही होते. तिथं थांबायचं आणि शेवटी गाळलेली गोष्ट परत ठेवायची. झालं पोस्टर.

शहराच्या उद्यान खात्यानं तिला सहा पोस्टरं सांगितली होती. लोकांनी घराबाहेर पडावं, शहराच्या मोकळ्या जागांवर हक्कानं बसावं, हा हेतू. पोहण्याच्या तलावाचं पोस्टर म्हणजे निळा आयत आणि त्यात सूर मारल्याची एक पांढरी तिरपी रेघ. टेकडीचं म्हणजे हिरवं अर्धवर्तुळ आणि त्याच्या माथ्यावर, अगदी कडेला, लाल टिंब. पाच झाली होती आणि पाचही खात्याच्या मॅडमना आवडली होती. सगळ्यांच्या खाली खात्याची काळी पट्टी असे, तिच्यात पांढऱ्या अक्षरांत "या, बसा." खात्यानं ती पट्टी आधीच कागदांवर छापून पाठवली होती.

अडलं होतं ते सहावं.

सहावी जागा टिंबूनंच सुचवलेली, टेलिफोन खात्याच्या उंच इमारतीसमोरचा चौक. चौक कसला, फरसबंदीचा एक रिकामा तुकडा. ना झाड, ना कारंजं. इमारतीच्या समोर, चौकाच्या पलीकडच्या भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब दगडी बाक होता, एवढंच.

मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं दाखवणार काय तुम्ही?"

"बाक आहे."

"बाक आहे हे मलाही माहीत आहे. त्या इमारतीच्या कार्यालयाचा अर्ज आलाय, जागा गाड्या लावायला द्या म्हणून. समितीत कोणाची हरकत नाही." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, पोस्टरात जी जागा जाईल तिला हात लावायचा नाही, असा ठराव मीच करून घेतलाय. तेव्हा दाखवण्यासारखं काही असेल तर दाखवा. नसेल तर मी समितीपुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

टिंबू हो म्हणून आली खरी, पण घरी आल्यावर आईकडे बघणं टाळत राहिली. कारण त्या बाकावर रोज दुपारी तिची आई बसायची. आई, मास्तरीणबाई, नर्समावशी आणि शिवणकाकू. चौघींचं आयुष्यभराचं काम संपलेलं आणि बोलायचं सगळं शिल्लक राहिलेलं. आईचे गुडघे टेकडीला नाही म्हणत होते, तलावाला आई स्वतः नाही म्हणत होती. तो बाक गेला असता तर आई दुपारभर खिडकीत बसून राहिली असती आणि दादाला कामं सांगत सुटली असती. टिंबूनं घरी कोणाला काही सांगितलं नाही.

तिनं बाक काढून पाहिला. चांगला दिसला, पण कुठलाही वाटला. इमारत काढली, तर इमारतीची जाहिरात झाली. चार बायका काढल्या, तर दवाखान्याचं पोस्टर झालं. गाळायला सुरुवात करावी तर आधी काहीतरी असायला हवं ना. इथं गाळण्याआधीच सगळं गाळलेलं होतं.

एका दुपारी आई चष्मा विसरून गेली म्हणून टिंबू तो द्यायला चौकात गेली. चौघी बाकाच्या मधल्या भागात बसल्या होत्या. समोरून पाहताना तिघी सावलीत आणि आई त्यांच्या डावीकडे, उन्हात. आईला बारा महिने थंडी वाजायची.

"बस की जरा," नर्समावशी म्हणाल्या. "कामाचं काय, तुझं काम तर कमी करण्याचंच आहे."

टिंबू टोकाला टेकली. शिवणकाकू आपल्या जावयाची गोष्ट सांगत होत्या. जावई कसा चांगला आहे आणि चांगला असूनही कसा बिनकामाचा आहे, हे ऐन रंगात आलं होतं. मधेच मास्तरीणबाई म्हणाल्या, "ऊन आलं. सरका." चौघींनी बूड उचलून हातभर उजवीकडे नेलं. शिवणकाकूंनी वाक्यसुद्धा तोडलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "सरका." पुन्हा चौघी सरकल्या. इमारतीची तिरपी सावली बाकावरून उजवीकडे सरकत होती आणि चौघी तिच्याबरोबर प्रवासाला निघाल्या होत्या. तिघी आत, एक बाहेर, रांग तीच.

"तुम्ही रोज अशाच सरकता?" टिंबूनं विचारलं.

"मग काय करणार," आई म्हणाली. "ती थांबते का आपल्यासाठी?"

"आणि बाक संपल्यावर?"

"बाक संपला की गप्पा संपल्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "घरी जायचं. तास संपल्याची घंटाच आहे ती."

टिंबू उठली ती जवळजवळ धावतच घरी आली. चष्मा तिच्या हातातच राहिला.

पोस्टर दोन रंगांत झालं. सगळा कागद उन्हासारखा पिवळा. त्यावर एक गडद जांभळा तिरपा पट्टा, उजवीकडे कललेला. आडवी एक बारीक रेघ म्हणजे बाक. रेघेवर चार गोल. तीन सावलीत, पिवळे. एक उन्हात, जांभळा. बाकी काही नाही. टिंबूनं ते भिंतीला लावलं आणि तिच्या सवयीप्रमाणे समोर आरसा ठेवून बरेच दिवस आरशातही पाहत राहिली. उलटं केलेलं चित्रसुद्धा तोल सांभाळतं का, हे बघायची तिची ती परीक्षा होती. या चित्रानं ती चोख पार केली. इतकी, की सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं, दोन्ही तिच्या डोळ्यांना सारखीच ओळखीची झाली.

दादानं कागद छापले, वाळवले, गठ्ठा केला. मॅडमनी पोस्टर हातभर लांब धरून पाहिलं आणि जवळ आणून पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं आहे. बरं म्हणजे चांगलं आहे. परवा सकाळी ऑफिसच्या आधी समितीतल्या एकांना घेऊन जागा बघायला येते. तिथं असं काही दिसलं, तर आमचं काम सोपं होईल."

त्या दुपारी आई एक पोस्टर गुंडाळी करून मैत्रिणींना दाखवायला घेऊन गेली. टिंबू आणि दादा मागोमाग गेले. कौतुक होणार होतं, ते चुकवण्याइतका साधेपणा दोघांच्यातही नव्हता.

मास्तरीणबाईंनी गुंडाळी उघडून गुडघ्यांवर पसरली. चौघी वाकल्या.

"ह्या आपण?" शिवणकाकूंनी विचारलं.

"आपण," आई म्हणाली. "ही बाहेरची मी."

"तू बरोबर आलीस. मी मात्र जाड दिसतेय."

"गोल सगळे सारखेच आहेत, काकू," टिंबू म्हणाली.

"तेच तर. नर्सबाईंएवढी काढलीस मला."

मास्तरीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पोस्टर उचललं, समोर धरलं, बाकाकडे पाहिलं, पुन्हा पोस्टराकडे पाहिलं. "बाळ, छान आहे हो. पण ही आपली सावली नाही."

"म्हणजे?"

"समोरून पाहिलं तर आपली सावली उजवीकडे पडते. ही डावीकडे कललीय. आणि तुझी आई तसंच पाहिलं तर डावीकडे बसते, इथं उजवीकडे बसलीय."

टिंबूनं पोस्टर घेतलं. पाहिलं. तिनं दादाकडे पाहिलं, तर तो आधीच जमिनीकडे बघत होता.

"फिल्म पालथी पडली," तो हळूच म्हणाला.

फिल्म कुठल्या बाजूनं ठेवायची हे ओळखायची दादाची एकच खूण होती: अक्षरं. अक्षरं सुलटी वाचता आली की फिल्म बरोबर. आजवर तो कधी चुकला नव्हता, कारण आजवर त्याच्याकडे बिनअक्षरांचं काही छापायला आलंच नव्हतं. आधीच्या पाच पोस्टरांत निदान फिल्मच्या कोपऱ्यात टिंबूनं जागेचं नाव लिहिलेलं असे. या वेळी तिनं तेही गाळलं होतं.

"तुझ्याही लक्षात आलं नाही?" आईनं टिंबूला विचारलं.

"मी आरशात बघायचे ना," टिंबू म्हणाली. याचा अर्थ आईला कळला नाही आणि टिंबूला तो समजावून सांगण्याचं बळ नव्हतं.

"तर पुन्हा छाप," शिवणकाकू दादाला म्हणाल्या. "माझी बाही उलटी लागली तर मी उसवते आणि परत लावते."

"कागद संपलेत, काकू. पट्टी छापलेले कागद खात्याकडून येतात. परवापर्यंत नाही मिळणार."

"परवाच काय आहे?"

आता सांगावंच लागलं. टिंबूनं सगळं सांगितलं, गाड्या लावायचा अर्ज, ठराव, समिती. चौघी ऐकत होत्या. ऊन आलं, पण कोणी सरका म्हणालं नाही. सरकायची आठवण राहू नये, असं त्या बाकावर बहुतेक पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि हे तू आत्ता सांगतेस," आई म्हणाली. ती रागावली होती, पण रागाला वेळ नाही हेही तिला दिसत होतं.

मास्तरीणबाईंनी पोस्टर पुन्हा मागून घेतलं. "सकाळी येणार म्हणालीस ना त्या? मग सकाळी सावली कुठं असते?"

टिंबू इमारतीकडे वळली. इमारत बाकाच्या बरोबर मधोमध, समोर उभी होती. भरदुपारी सावली बाकाच्या मधल्या भागावर येणार. म्हणजे त्याआधी जेवढा वेळ, तेवढीच ती डावीकडे, त्यानंतर जेवढा वेळ, तेवढीच उजवीकडे. दुपार आरशात धरली की सकाळ होते. "अशीच," ती म्हणाली. "सकाळी ती अगदी अशीच असते."

"झालं तर मग," नर्समावशी म्हणाल्या. "आपण परवा सकाळी यायचं. रात्रपाळी करून आयुष्य गेलं माझं, एक सकाळ काय जड आहे."

"सकाळी थंडी असते," आई म्हणाली.

"तू उन्हातच असतेस गं."

तर तिसऱ्या दिवशी सकाळी चौघी आल्या. आईनं दोन स्वेटर घातले होते. शिवणकाकूंनी उशी आणली होती आणि जावयाला, तो निदान उशी उचलण्याच्या कामी यावा म्हणून, कोपऱ्यापर्यंत आणून परत पाठवलं होतं. पोस्टर बघून बघून त्या बाकाच्या डाव्या टोकाला बसल्या. तिघी सावलीत, आई उजवीकडे उन्हात. दादा मान वाकवून रस्त्याच्या कडेला उभा होता, आपण यांच्यातले नाही अशा थाटात, जे कोणालाही पटलं नसतं.

पहिलं संकट आईवर आलं. दुपारी सावली तिच्यापासून दूर सरकायची. इथं ती तिच्याच अंगावर चालून येत होती. "सावली आली, सरका," ती म्हणाली.

"आम्ही कशाला सरकू? आम्हाला हवीच आहे ती," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग डावीकडून ऊन आलं आणि त्या मुकाट्यानं सरकल्या.

दुसरं संकट म्हणजे इमारतीतून बाहेर आलेली तीन माणसं. गळ्यात ओळखपत्रं, हातात चहाचे पेले, डोळे तांबारलेले. ती बाकाजवळ येऊन घुटमळली. त्यातल्या एकीनं, जरा वयानं मोठ्या बाईनं, विचारलं, "आज्जी, तुम्ही इथं बसणार आहात का अजून?"

"का?"

"काही नाही. रोज आम्ही बसतो इथं. रात्रपाळी सुटली की. आमच्या खोलीत खिडकीच नाही, म्हणून चहा इथं घेतो."

नर्समावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून तिला जागा दिली. मग सगळ्यांनाच सरकावं लागलं. चौघींचे सात झाले, सावलीत चार आणि उन्हात तीन, आणि कोण कुठलं टिंब याचा काही मेळ राहिला नाही.

नेमक्या तेवढ्यात मॅडम आल्या. बरोबर समितीचे एक गृहस्थ होते, हातात अर्जाची फाईल. मॅडमनी पोस्टर हातभर लांब धरलं. पिवळं, जांभळं, तिरपी सावली, रेघ, गोल. समोर तेच होतं, फक्त गोल जास्त होते.

"वा," गृहस्थ म्हणाले. "रोज सकाळी येता वाटतं तुम्ही मंडळी?"

प्रश्न आईला होता. टिंबूनं तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण आईला खोटं बोलायचं तर आधी थोडी तयारी लागायची, आणि थंडीत तिचं डोकं चालायचं नाही.

"आम्ही कसल्या येतोय सकाळी," ती म्हणाली. "आम्ही दुपारी येतो. सकाळी ही येतात." तिनं चहा पिणाऱ्या तिघांकडे बोट केलं. "हे चित्र आमचं होतं, पण पोरानं पालथं छापलं, म्हणून यांचं झालं."

दादानं रस्त्याच्या पलीकडे बघायला सुरुवात केली. टिंबूनं पुढं होऊन मॅडमना सगळं सांगितलं, फिल्म, आरसा, दुपार आणि सकाळ. हा बाक गाड्यांसाठी जाऊ नये म्हणून हे सगळं, हेही लपवलं नाही.

"म्हणजे आजचा हा देखावा ठरवून केलेला?" गृहस्थांनी विचारलं.

"ठरवून म्हणजे काय हो," शिवणकाकू म्हणाल्या. "बाक आमचा, सावली आमची, बसण्याची सवय आमची. फक्त वेळ तेवढी उसनी घेतली."

रात्रपाळीच्या बाईनं पेला खाली ठेवला. "गाड्या लावायचा अर्ज आमच्याच ऑफिसचा आहे?" गृहस्थांनी फाईल पुढं केली. तिनं वाचली. "आम्हाला कोणी विचारलं नाही," ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा पेला उचलला.

मॅडमनी पोस्टर उलटं करून मागून उजेडात धरलं. कागद पातळ होता, मागून दुपार दिसली. "आज दुपारी येते," त्या म्हणाल्या. "एकटीच."

आणि आल्या. टिंबूला वाटलं होतं उभ्याउभ्या बघून जातील, पण मास्तरीणबाईंनी त्यांना वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखं बसवलं, बरोबर मध्ये. शिवणकाकूंनी जावयाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, कारण मॅडमना मागचं माहीत नव्हतं. मॅडमनी आधी पर्स मांडीवर धरली होती. मग ती बाकावर ठेवली.

"ऊन आलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सरका."

मॅडम सरकल्या. पर्सही सरकवली. पुढच्या वेळी त्या कोणी सांगायच्या आधीच सरकल्या आणि जावयाबद्दल म्हणाल्या, "पण पगार वेळेवर देतो ना घरी?" तेव्हा टिंबूच्या छातीवरचं ओझं उतरलं. अजून कुठलीही सही झाली नव्हती, पण जी बाई सावलीबरोबर सरकत जावयाची चौकशी करते, ती या बाकावर गाडी उभी करू देणार नाही, एवढं तिला कळत होतं.

निम्मा बाक सरला तेव्हा मॅडम तिच्याकडे वळल्या. "दोन्ही छापता येतील? सकाळचं आणि दुपारचं, शेजारी शेजारी?"

"फिल्म एकच आहे," टिंबू म्हणाली. "एकदा पालथी, एकदा सुलटी."

"कागद पाठवते. आणि तुमच्या भावाला सांगा, सकाळचं असंच राहू दे. त्यातली चूक आता सुधारायची नाही."

"गोल वाढवायचे का?" टिंबूनं विचारलं. "सकाळी सात झाले होते."

मॅडमनी विचार केला. "नको. चारच ठेवा. बाकीच्यांना जागा दिसू दे की."

हे उत्तर टिंबूला सुचलं नव्हतं, आणि ते तिच्या स्वतःच्या रीतीतलं होतं. तिनं मान हलवली आणि आईशेजारी उन्हात टेकली. आई तिला म्हणाली, "इथं कशाला, भाजशील," आणि तिच्यासाठी सरकलीही. सावली बाकाच्या उजव्या टोकाशी पोचली होती. सगळ्याजणी आता दाटीवाटीनं, खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. शिवणकाकू घाईघाईनं गोष्ट आटपत होत्या आणि मॅडम सगळं ऐकून घेतल्याशिवाय उठायला तयार नव्हत्या.